चिरोटा आणि मामाची साडी

कुत्र्याला सीटबेल्ट असतो हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. आमच्या गाडीत तरी असतो. मागच्या सीटवर एका खिडकीला कुत्रा, दुसऱ्या खिडकीला त्याची आई, म्हणजे माझी सून शाल्मली, आणि दोघांच्या मधे अंग चोरून मी. माझा बेल्ट कुत्र्याच्या बुडाखाली अडकला होता. मागितला तर सून म्हणाली, "बाबा, आत्ता नको ना. तो नुकताच सेटल झालाय."

सेटल म्हणे! चाळीस वर्षं मी या बेंगळूरात काढली, कारखान्यात लेथवर उभा राहून पोराला इंजिनियर केलं. तू सेटल झालास का रे बाबा, असं मला एका माणसानं कधी विचारलं नाही.

कुत्र्याचं नाव चिरोटा. इथल्या लग्नात शेवटी पानावर येतो, वर पिठीसाखर, बदामाचं दूध, तो चिरोटा. एवढ्या गोड पदार्थाचं नाव लाळ गाळणाऱ्या जनावराला ठेवायचं, ही पुण्याच्या माहेराहून आलेली अक्कल. आमच्या निपाणीला कुत्र्याला मोती म्हणायचे, नाहीतर हाड म्हणायचे. दोन्हींना तो यायचा.

त्या दिवशी माझ्या भाचीचं लग्न होतं. सिद्धी, माझ्या धाकट्या बहिणीची, शिवलीलाची, एकुलती एक पोर. तिचे वडील साथीत गेले. आमच्यात मुलगी बोहल्यावर चढते ती मामानं आणलेली पिवळी साडी नेसून, आणि मामाच तिला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणतो. पत्रिका द्यायला आली तेव्हा सिद्धी माझ्याशेजारी बसून म्हणाली होती, "मामा, बाबा तर नाहीत. मला तुमचा हात पाहिजे. उशीर करू नका हं." मी म्हणालो, "येडी का काय! मामा कधी उशीर करतो होय?"

मुहूर्त साडेअकराचा, कल्याणमंटप चामराजपेटेत. आम्ही राहतो तिकडं टोकाला, महादेवपुऱ्यात, निहारच्या फ्लॅटमध्ये. निहार म्हणजे आमचे चिरंजीव. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की मी आणि माझी बायको अंजली मेट्रोनं जातो, तुम्ही मागाहून सावकाश या. तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, लग्नाला मेट्रोनं? आईचे गुडघे बघा. सगळे एकत्र जाऊ की गाडीनं." मग कुत्रं? कुत्रं ठेवायचं पाळणाघर भरलेलं होतं. हो, असतं तसलं. शेजारी ठेवावं तर त्याला अँक्झायटी होते. आणि मेट्रोत कुत्रं घेत नाहीत. त्या मेट्रोवाल्यांना तरी डोकं आहे.

निघायच्या वेळी अंजलीनं देवापुढं उभं राहून सगळ्यांच्या हातावर दहीसाखर घातली. शुभकार्याला निघताना ही आमच्या घरची रीत. निहारनं चाटली, सुनेनं चाटली, मी चाटली. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, चिरोटाला?" निहार म्हणाला, "अगं नको, ट्रेनरनं सांगितलंय ना, प्रवासाआधी पोट रिकामं." त्यावर सुनेनं तोंड असं केलं की जणू आम्ही तिच्या पोटच्या पोराला पंक्तीतून उठवलं. "सगळ्यांना दिलं आणि त्यालाच नाही? तोही फॅमिली आहे ना?" झालं. आमच्या अंजलीचा हात मुळातच सैल. तिनं चमचाभर देऊन थांबावं की नाही? वाडगंभर दही, वर मूठभर साखर. कुत्र्यानं ते दोन घोटांत संपवलं आणि वाडगं ढकलत देवघरापर्यंत नेलं. मी म्हणालो, "आता याला कुंकूपण लावा." सून म्हणाली, "लावू का? हाऊ क्यूट!" असल्या माणसांना टोमणा मारणंसुद्धा फुकट जातं.

डिकी कुत्र्याच्या सामानानं भरली. त्याची गादी, त्याचं पाणी, त्याचं खेळणं, त्याचा पंखा. माझी पिशवी मांडीवर आली. तीत चिकपेटेतून महिनाभर आधी घेतलेली साडी, खण, ओटीचे दोन नारळ, फळं. साडी निवडायला मी अख्खी सकाळ घालवली होती. हळदीसारखी पिवळी, काठ डाळिंबी. शिवलीलाच्या लग्नात आमच्या मामानं आणलेली अशीच होती. ती पिशवी छातीशी धरून मी बसलो, आणि शेजारी कुत्रं माझ्या खांद्यावर लाळ गाळत बसलं.

टिन फॅक्टरीपाशीच गाडी अडकली. चिरोटा कण्हायला लागला. मग सुनेनं त्याला गाणं म्हणायला सुरुवात केली. बाळाला म्हणतात तसलं गाणं, आणि मधे मधे, "गुड बॉय, ही इज ट्राइंग, बघा बाबा, किती ट्राय करतोय." काय ट्राय करत होता? बसायचं! एसी त्याच्यासाठी फुल्ल, माझे दात वाजायला लागले. खिडकी उघडली की तो रिक्षावाल्यांवर भुंकायचा, बंद केली की काच चाटायचा. एका रिक्षावाल्यानं त्याला बिस्कीट दाखवलं तर सून ओरडली, "भैया नो, ही इज ग्लूटन फ्री!" मी मनात म्हटलं, आई अंबाबाई, आजचा दिवस काढ बाई.

हलसूरच्या पुढं मोबाइलमधल्या बाईनं सांगितलं की समोर रस्ता जाम आहे, शिवाजीनगरवरून जा. चिरंजीवांनी लगेच वळवली. बापानं सांगितलेलं ऐकायचं नाही, पण मोबाइलमधल्या बाईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. शिवाजीनगरच्या बाजारात शिरलो आणि कुत्र्याच्या पोटातून आवाज आला. मी हा आवाज ओळखतो, पोरं वाढवलीत. मी ओरडलो, "निहार, गाडी बाजूला घे!" निहार म्हणाला, "बाबा, इथं नो पार्किंग आहे." आणि चिरोटानं वाडगंभर दहीसाखर, तिच्याबरोबर रात्रीचं काय काय, सगळं माझ्या पायांवर परत केलं.

पिशवी तेवढी मी डोक्यावर उचलली होती. साडी वाचली. माझ्या नव्या कोल्हापुरी चपला मात्र गेल्या, आणि धोतराचा काठ गेला. सून म्हणाली, "ओह नो, माय बेबी!" मला वाटलं मलाच म्हणते. तिनं कुत्र्याचं तोंड पुसलं.

मग झाली एकदाची गाडी बाजूला, एका बंद दुकानापुढं. निहार डिकी उघडून कागद शोधायला लागला, अंजली बाटलीच्या पाण्यानं माझे पाय धुवायला लागली, आणि सुनेनं कुत्र्याला खाली उतरवून पट्टा माझ्यापुढं धरला. "बाबा, एक मिनिट धरा ना प्लीज, मी सीट पुसते."

मी? शुभकार्याला निघालेला मुलीचा मामा, ज्या हातानं पोरीचा हात धरायचा त्या हातानं ओकलेल्या कुत्र्याचा पट्टा धरू? आम्हांला काही रीतभात आहे की नाही? मी पिशवी दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि पट्ट्याचा फास तिच्या दोन्ही बंदांत नीट अडकवला. आत दोन नारळ, फळं, चांगली जड पिशवी. एवढं ओझं घेऊन कुठं जातंय? लेथवर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुठल्या वजनाला काय धरतं हे कळतं.

त्या गल्लीच्या तोंडाशी मटणाची दुकानं होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वारा तिकडून आला. ग्लूटन फ्री कुत्र्यानं नाक वर केलं, एक क्षण थांबलं, आणि सुटलं.

पिशवी पायरीवरून धाडकन खाली आली आणि त्याच्यामागं उड्या मारत निघाली. पहिला नारळ एका म्हाताऱ्याच्या पायापाशी गेला, दुसरा बसखाली. मोसंबी तर चारी दिशांना. मी अनवाणी मागं धावतोय, माझ्यामागं निहार, त्याच्यामागं रेशमी साडी वर धरून सून, "चिरोटाऽऽ! चिरोटाऽऽ!" बाजारातली माणसं बघायला लागली की ही चिरोटा विकणारी बाई एवढी का ओरडते. एकानं तर मला विचारलं, "एनायतु सार?" काय झालं सांगू? माझं कर्म झालं!

मटणाच्या दुकानापुढं मी पोचलो तेव्हा कुत्रं खाली सांडलेलं काहीतरी चाटत होतं आणि पिशवी तिथल्या पाण्यात आडवी पडली होती. तांबडं पाणी. मटण मी पण खातो, रविवार कधी चुकवत नाही. पण बोहल्यावरची साडी! तेवढ्यात दुकानदारानं हुसकावलं, कुत्रं बिचकलं आणि पिशवी फरफटत पलीकडच्या गल्लीत पसार झालं.

मी तिथंच थांबलो. संपलं होतं सगळं. ती साडी आता हातात घ्यायच्या लायकीची राहिली नव्हती, पोरीच्या अंगावर घालायची तर गोष्टच सोडा.

"बाबा, तुम्ही उजवीकडून जा, मी डावीकडून जातो," निहार धापा टाकत म्हणाला.

"मी कुठं जायचं ते मला कळतं. मी चिकपेटेत चाललो. दुसरी साडी घेतो."

"अहो, पिशवी तर बघू आधी! आत साडी कव्हरात आहे."

"तू ते गटारातलं फडकं भाचीला नेसवणार? कुत्र्याचा बाप शोभतोस खरा."

अंजली तोवर लंगडत पोचली होती. ती म्हणाली, "अहो, साडी राहू दे. तुम्ही सरळ मंटपात जा. वेळ बघा."

"मोकळ्या हातानं? मामा मोकळ्या हातानं? भावकी काय म्हणेल?"

"पोरगी काय म्हणाली होती ते आठवा."

"चल तू माझ्याबरोबर."

"मी पोरांना असं टाकून येत नाही. बघा तिच्याकडं."

सून रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती, काजळ गालांवर आलं होतं. मला बघून कीव नाही आली. साफ सांगतो, नाही आली. म्हटलं, रड. "बसा मग कुत्र्याच्या पाया पडत," असं म्हणून मी रिक्षाला हात केला.

रिक्षावाला चांगला होता, स्वल्प बेग, जरा लवकर चला अण्णा म्हटल्यावर त्यानं गल्लीबोळांतून काढली. वाटेत निहारचे फोन यायला लागले. एक, दोन, मग मी मोजायचं सोडलं. उचलला नाही. काय सांगणार होता तो? कुत्रं सापडलं, त्याला पाणी पाजलं, आता त्याला बरं वाटतंय? मला त्या कुत्र्याच्या तब्येतीशी काही देणंघेणं नव्हतं. मी फोन खिशात घातला.

चिकपेटेत मुंगीला वाट नव्हती. मी अनवाणी, धोतराला ओला डाग, आणि दुकानवाले, "बन्नी सार, बन्नी," म्हणून बोलावताहेत. पहिल्या दुकानात पिवळी दाखवली ती लिंबाच्या लोणच्यासारखी. दुसऱ्यात दाखवली तिचा काठ हिरवा. मी म्हणालो, हा रंग हळदीचा आहे का? हळद कधी बघितली का तुम्ही? तो पोरगा सरी सार, सरी सार म्हणत ढीग टाकत होता. कसलीही साडी उचलून पळणारा मामा मी नव्हतो. अशी साडी नेली असती तर चारचौघांत नाव निघालं असतं, बाप नाही म्हणून मामानं स्वस्तात उरकलं.

तिसऱ्या दुकानात गादीवर बसलो होतो, तेव्हा सिद्धीचा फोन आला. तो मात्र मी उचलला.

"मामा, कुठं आहात?"

"आलोच. इथंच आहे, चिकपेटेत."

"चिकपेटेत कशाला? मामा, भटजी घाई करताहेत. तुम्ही आहात तसे या. साडी नका बघत बसू. निहारदादाचा आत्ता फोन आला होता, तो म्हणतो की ती…"

"त्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढं! मामाच्या साडीशिवाय बोहल्यावर चढायचं असतं होय गं? तुला काय कळतं त्यातलं? थांबायला सांग भटजीला. मी आहे ना."

ती पुढं काहीतरी बोलत होती. मी ठेवून दिला. समोर दुकानदारानं नेमकी साडी उलगडली होती. हळदीसारखी पिवळी, काठ डाळिंबी. त्या पहिल्या साडीची जणू जुळी बहीण. मला इतका आनंद झाला की मी त्याला हात जोडले.

मंटपाच्या दारात रिक्षातून उतरलो तर पहिल्यांदा दिसली ती सून. चपलांच्या ढिगाशेजारी, रेशमी साडीनिशी खाली जमिनीवर बसलेली. बाजूला चिरोटा खांबाला बांधलेला, ओलाचिंब, कुणीतरी नळाखाली धुतलेला. आत त्याला नेता येत नव्हतं आणि एकटा सोडला तर तो ओरडला असता, म्हणून ती बाहेर बसली होती. घरातलं लग्न, आणि ही कुत्र्यापाशी! मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उठून म्हणाली, "बाबा, कुठे होतात तुम्ही? किती फोन केले! जा ना आत, लवकर जा."

आत वाजंत्री जोरात सुरू झाली होती. ती कधी तशी वाजते हे मला माहीत आहे. मी पिशवी छातीशी धरून गर्दीतून पुढं घुसलो. वरून अक्षता पडत होत्या, त्यातल्या काही माझ्या टकलावर पडल्या. अंतरपाट खाली आलेला होता. सिद्धी हार घालत होती.

तिच्या अंगावर पिवळी साडी होती. डाळिंबी काठाची. माझी.

तिच्यामागं निहार उभा होता. कुर्त्यावर कुत्र्याचे केस, एका गुडघ्यावर चिखल, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की जणू त्यानं स्वतःची मुलगी दिली. असल्या अवतारात माणूस लग्नाच्या दारात उभा राहत नाही. तो बोहल्यावर होता. मी नव्हतो.

शिवलीलानं मला बघितलं आणि बाजूला आली. मी पिशवी पुढं केली. "शिवू, साडी आणली. तशीच मिळाली बघ, अगदी तशीच."

"दादा, साडी आली होती रे. निहारनं आणली. कव्हराला लागलं होतं काय ते, आत काही नव्हतं. एक काठ तेवढा ओला होता, तो मी इस्त्रीनं वाळवला."

"मग मला कुणी सांगितलं नाही?"

तिला माझा स्वभाव लहानपणापासून ठाऊक. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलटं ओरडता आलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "ती नेसून तयार होऊन दाराकडं बघत उभी होती रे. भटजी म्हणाले वेळ टळते. तरी म्हणाली, मामा येतो म्हणालाय, अजून थोडं थांबू. मग निहार आला. त्याचा हात धरून निघाली तेव्हा रडली. मला वाटलं बापाच्या आठवणीनं रडते."

एवढं बोलून ती गेली, तिला ओवाळायचं होतं. मी तिथंच उभा. माझ्याजवळ राग भरपूर होता, सकाळपासून साठवलेला. कुत्र्यावर होता, सुनेवर होता, मोबाइलमधल्या बाईवर होता. यांतल्या एकावर तरी तो काढावा म्हणून मी शोधायला लागलो, आणि कुणावरच बसेना. मला लाज वाटत होती, आणि पिशवी कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

बोहल्यावर भटजी नवरा-नवरीला म्हणाले, आलेल्या मंडळींना नमस्कार करा. सिद्धी वळली. तिची नजर सगळ्या रांगांवरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. ती चिडलेली नव्हती. हसलीसुद्धा. मग तिनं दोन्ही हात जोडले, मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना जोडतात तसे.

मी पिशवी काखेत घेतली आणि मीही जोडले.